टॉनिकखालची रेघ

"वहिनी, तुमच्या ब्लॉगमध्ये पैसा नुसता पडून आहे," माझा धाकटा दीर पुण्याहून फोनवर म्हणाला.

मी तेव्हा पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, निंदायला बसले होते. एका हातात खुरपं, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन. पडून असलेला पैसा मला काही दिसेना, समोर नुसती हराळी दिसत होती. मी म्हटलं, "असू द्या भाऊजी पडून. उचलायला कोणाला वेळ आहे?" पण त्याला वेळ होता. त्याला वेळच वेळ.

हा दीर पुण्यात डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. म्हणजे नेमकं काय करतो, हे त्याच्या आईला मरेपर्यंत कळलं नाही. मला कळलं, आणि नसतं कळलं तरी माझं काही अडलं नसतं. गावाकडे आला की ह्याला 'मले' म्हणायची लाज वाटते. आठ पिढ्या वऱ्हाडात गेल्या, आणि हा 'मला, मला' करत ओट्यावर चहा पितो. पण आमचा ब्लॉग म्हटला की त्याच वऱ्हाडीचं त्याला कोण कौतुक! "आबांची भाषा एकदम ऑथेंटिक आहे वहिनी, लोकांचा विश्वास बसतो." ज्या बोलीची घरात लाज, तीच दुकानाच्या पाटीवर चालते. वा रे वा.

ब्लॉग काय होता ते सांगते. माझं माहेर जळगाव जामोदकडचं, सासर उंद्रीजवळचं. नवरा एसटीत कंडक्टर, शेती मी आणि सासरे पाहायचो. लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्याचा सासरी उपयोग एकच, कोणाचा तरी ऑनलाइन फॉर्म भरून देणे. मग एक कंपनी फुकटात ब्लॉग लिहायला जागा देते असं कळलं, आणि मी उंद्रीच्या बाजाराला जाईन तेव्हा तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून लिहायला लागले. काय लिहायचं हा प्रश्नच नव्हता. मामाजी बोलायचे, मी लिहायची.

मामाजी म्हणजे माझे सासरे. दीर त्यांना आबा म्हणायचा, गाव आबाजी म्हणायचं. पेरणी जवळ आली की माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसायची, "आबाजी, औंदा कोन्ती बॅग घ्याव?" बीटी कपाशी आली तेव्हापासून बियाण्याच्या बॅगांना काही सुमारच राहिला नव्हता. एका बॅगेवर पैलवान, एका बॅगेवर वाघ, एका बॅगेवर नुसतं नारळाएवढं बोंड. आत सरकी तीच. ह्या पैलवान-वाघांतून निवड करायला लोक आबाजींकडे यायचे.

ते फार ज्ञानी होते म्हणून नव्हे हं. त्यांचं कित्येकदा साफ चुकायचं. एका वर्षी त्यांनी सांगितलेली बॅग अशी निघाली, की झाडं माणसाच्या डोक्याएवढी आणि बोंडं मोजकी. पण चुकलं की हा माणूस चारचौघांत उभा राहून म्हणायचा, "मी सांगतलं ते खोटं निघालं, लेकहो." असं म्हणणारा माणूस आमच्या भागात दिवा घेऊन शोधावा लागतो. आमच्याकडे दुकानदार चुकत नाही, कंपनी चुकत नाही, साहेब चुकत नाही. चुकतो तो फक्त पाऊस. म्हणून मामाजींच्या शब्दाला किंमत होती. त्यांच्याजवळ दुसरं होतं तरी काय? कोरडवाहू वावर, एक बैलजोडी आणि हा शब्द.

ब्लॉगची रीतही त्यांनीच घालून दिली. पहिल्या ओळीत मागच्या वेळचं काय चुकलं ते लिहायचं, मग पुढचं. "आधी माती झटकाव, मंग घरात याव," असं ते म्हणायचे.

गावात इंटरनेटवर वाचणारं कोण होतं? पण झेरॉक्सवाले चाचा मोठे हौशी. मी लिहून उठले की ते एक प्रत काढायचे आणि दुकानाबाहेरच्या तारेला चिमट्यानं लटकवायचे. बाजाराच्या दिवशी तिथे ही गर्दी! एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. चाचांची बहीण रोहिणखेडला दिलेली, तिच्या घरी पण कपाशी, म्हणून एक प्रत तिकडेही जायची. "बेटी, तुम्हारा अखबार मोताळा तालुक्यात बी चालते बरं," चाचा म्हणायचे. पुढे माझ्याकडे स्मार्टफोन आला, मी घरूनच लिहायला लागले, तरी चाचांनी प्रत काढणं सोडलं नाही.

मामाजींचा आणि कंपन्यांचा संबंध कसा होता, तेही ऐका. पेरणीच्या आधी बियाण्याच्या कंपन्यांचे मेळावे व्हायचे. मांडव, माइक, रोडगे आणि वांग्याची भाजी, वर एक टोपी. जेवून ढेकर दिला की माणूस टोपी घालायचा आणि ज्याची टोपी त्याची बॅग घ्यायचा. इतकं सोपं! मामाजी मेळाव्याला जायचे आणि रोडगे दाबून खायचे, त्यात मुळीच लाजायचे नाहीत. टोपी मात्र घ्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "मामाजी, रोडगे चालतात आणि टोपी नाही?" तर म्हणाले, "रोडगे माह्या पोटात गेले बाई, ते कोनाले दिसत नाही. टोपी घातली तं लोकाइले वाटन मी सांगून राह्यलो." हे तत्त्व मला अर्धवटच वाटायचं, पण जेवढं होतं तेवढं ते पाळायचे.

एकदा कंपनीचा एक पोरगेलासा साहेब घरी आला. आमचं एक वावर रस्त्याला लागून आहे, तिथे त्याला बोर्ड लावायचा होता. 'या शेतात अमुक वाण आहे.' बदल्यात बॅगा फुकट. मामाजी म्हणाले, "लाव ना बाप्पा. फक्त खाली एक ओळ लिव, याले बॅगा फुकट भेटल्या म्हणून." साहेब हसला. मामाजी हसत नाहीत हे पाहून थांबला. मग बोर्ड उचलून शेजारच्या वावरात घेऊन गेला. शेजाऱ्यानं हसत हसत लावून घेतला, पुढे त्याच पत्र्याचं पाण्याच्या टाकीला झाकण केलं. बोर्डाचा खरा उपयोग तेवढाच झाला.

तर अशा माणसाच्या ब्लॉगात माझ्या दिराला पैसा पडलेला दिसला. त्यानं माझ्याकडून पासवर्ड मागून घेतला. "वहिनी, लूक फार जुना आहे. मी जरा नीट करून देतो." केलाही. वर हिरवंगार चित्र टाकलं, अक्षर मोठं केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? काही शब्द निळे दिसायला लागले, तेव्हा मी विचारलंसुद्धा. म्हणाला, "ते माहितीसाठी असतं." मी म्हटलं असेल बाई.

त्या पावसाळ्यात मध्येच उघाड पडली आणि पऱ्हाटीच्या पात्या गळायला लागल्या. पात्या म्हणजे कपाशीच्या कळ्या. त्या खाली पडलेल्या दिसल्या की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि कृषी केंद्रवाल्याच्या पोटात गुदगुल्या होतात. मामाजींनी मला सांगितलं आणि मी लिहिलं, "पात्या गळून राह्यल्या म्हणून घाबरू नका. झाड आपल्याले झेपते तेवढंच ठेवते. टॉनिक, पावडर, काही मारू नका. पैसा घरात ठेवा." बस, एवढंच.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मामाजी आणि मी उंद्रीत होतो. एक ओळखीचा शेतकरी लांबून हात वर करत आला.

"आबाजी, तुमी सांगतलं तसं मारलं बरं टॉनिक!"

मामाजी म्हणाले, "कोन्तं टॉनिक बे?"

"आता तुमीच लिवलं ना."

"मी लिवलं की काही मारू नका!"

"हाव ना. बाकी काही मारू नका, टॉनिक मारा." त्या माणसानं आम्हाला हाताला धरून चाचांच्या दुकानासमोर नेलं. तारेवर आमचा कागद लटकत होता. त्यानं बोट ठेवलं. "हे पाहा. टॉनिकखाली रेघ मारेल हाय का नाही? शाळेत गुरुजी ज्याच्याखाली रेघ मारायले लावत, तेच पेपरात येये. पावडरखाली रेघ नाही. म्हून पावडर नाही मारली."

खरंच, काळ्या-पांढऱ्या कागदावर आमच्या मजकुरात एकाच शब्दाखाली ठळक रेघ होती. टॉनिक. आणि हा एकटाच नव्हता. तिथे उभे असलेले दोघं-तिघं माना हलवत होते, त्यांनीही मारलं होतं. 'मारू नका' हे वाक्य सगळ्यांनी वाचलं होतं, पण वाक्यापेक्षा रेघ मोठी. चौथीपर्यंतच्या शाळेनं ह्या माणसांना एकच गोष्ट पक्की शिकवली होती, आणि तीच नेमकी नडली. हसावं की डोकं आपटावं, मला कळेना. मामाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "बाई, हे रेघ तू मारली?"

मी तिथेच फोन काढला, ब्लॉग उघडला आणि त्या निळ्या टॉनिकवर बोट दाबलं. झटकन एक दुकान उघडलं. हिरव्या बाटल्या, 'आत्ताच मागवा', आणि वरच्या लांबलचक पत्त्याच्या शेपटीत माझ्या दिराच्या नावाची खूण. पुढे समजून घ्यायला फार अक्कल लागत नव्हती. त्या पत्त्यावरून कोणी बाटली घेतली की भाऊजींना कमिशन.

फोन लावला. तो जराही गडबडला नाही. "अ‍ॅफिलिएट लिंक म्हणतात त्याला. जगभर करतात वहिनी. मी आबांचा एक शब्दही बदललेला नाही."

"ते म्हणतात मारू नका, आणि तुम्ही त्यातल्याच शब्दाखाली दुकान उघडता?"

"ज्याला नको तो दाबणार नाही. सिंपल."

सिंपल! आणि गंमत अशी, की गावातल्या लोकांनी तर लिंक दाबलीच नव्हती. कागदावरची रेघ कशी दाबणार? ते रेघ वाचून सरळ कृषी केंद्रात गेले आणि हाताला लागेल ते टॉनिक घेऊन आले. म्हणजे ह्या शहाण्याला त्यातून कमिशनही सुटलं नाही. लोकांचा खर्च झाला, मामाजींचा शब्द गेला, आणि हा कोरडाच. निदान चोरी तरी नीट करावी माणसानं!

मी त्याला सगळ्या लिंका काढायला सांगितलं. "हो हो, काढतो," म्हणाला. काढल्या नाहीत. उलट पुढच्या मजकुरात एक आख्खं वाक्य घुसलं, "हे मी स्वतः माझ्या शेतात वापरून पाहिलं आणि लक्षणीय फरक जाणवला." लक्षणीय! मामाजींना जन्मात कधी काही लक्षणीय जाणवलं नव्हतं. त्यांना फरक पडायचा, नाही तर पडायचा नाही. आणि ते वावराला शेत कधी म्हणाले? चाचांनी त्याचीही प्रत काढून टांगली. त्यांचा काय दोष.

मग ज्या कंपनीच्या जागेवर ब्लॉग होता, तिची मेल मला आली. तुमच्या पानांवर जाहिरातीच्या लिंका आहेत, आणि त्यांतून तुम्हाला काही मिळतं हे वाचणाऱ्यांना सांगितलेलं नाही. दुरुस्त करा, नाही तर ब्लॉग बंद होईल. खाली नियमांचा पत्ता. नियम इंग्रजीत, लांबच लांब. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि शेवटपर्यंत वाचले. घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. नवरा म्हणाला, "ते कोनी वाचते का? खाली टिक करायची असते."

पण सांगते, मी वाचलेल्यांतले ते सगळ्यात सरळ नियम होते. लिंक टाकून पैसे मिळवा, आमची ना नाही. पण आमची जागा नुसती दुकानाकडे माणसं हाकलायला वापरू नका. लिंक कुठे नेते ते लपवू नका. आणि तुम्हाला त्यातून काही मिळत असेल तर ते आधी, उघड, वाचणाऱ्याच्या भाषेत सांगा. तो दाबायच्या आधी त्याच्या नजरेला पडेल असं. मी ते मामाजींना मराठीतून सांगितलं, तर म्हणाले, "मी बोर्डवाल्याले दुसरं काय सांगतलं होतं?" सातासमुद्रापलीकडच्या, आमचं तोंडही न पाहिलेल्या लोकांना जे कळतं, ते आमच्या घरात जन्मलेल्या पोराला कळू नये.

तसं आमचं नियमांशी वाकडंच. बीटीच्या बॅगेत एक वेगळं छोटं पाकीट यायचं, साध्या, बिगर-बीटी सरकीचं. ते वावराच्या कडेनं लावायचं, म्हणजे अळीला बीटीची सवय होत नाही, असं बॅगेवर लिहिलेलं असायचं. किती जणांनी लावलं? पाकीट धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भिरकावायचं, हीच रीत. कडेच्या चार ओळी अळीला कोण देईल? मामाजींनीही सुरुवातीला भिरकावलं होतं आणि तसं ब्लॉगवर लिहायला लावलं होतं. मग गुलाबी अळी बीटीला पचवून बसली, तेव्हा सगळे कंपनीच्या नावानं बोटं मोडायला लागले. कंपन्या काही साधूसंत नाहीत, त्यांची बाजू मी घेत नाही. पण नियम म्हणजे बॅगेवरची नक्षी, असं मानणारे आम्हीच की.

मी दिराला मेल दाखवली. त्यानं अर्ध्या तासात उपाय केला. ब्लॉगच्या अगदी तळाशी, फिक्या करड्या अक्षरात, इंग्रजीत 'डिस्क्लेमर' असा एक शब्द. तो दाबला की दुसरं पान, आणि त्या पानावर इंग्रजीत एक लांब परिच्छेद. "झालं. आता ते काही बोलू शकत नाहीत."

"आपले वाचणारे इंग्रजी वाचतात का भाऊजी?"

"मराठीत वर लिहिलं तर दाबेल कोण?"

ऐकलंत? त्याच्याच तोंडून निघालं. खरं सांगितलं की धंदा होत नाही, म्हणून खरं तळघरात ठेवायचं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मामाजी शेजारीच बसले होते, फोनचा आवाज मोठा होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, त्याची किल्ली बदलते का?"

बदलते म्हटलं. ब्लॉग माझ्या नावावर होता, माझ्याच फोनवर नंबर आला आणि मी पासवर्ड बदलून टाकला. एकेक लिंक काढली. ते लक्षणीय वाक्य काढलं. एवढ्यावर भागत होतं, नियमानं याहून जास्त मागितलं नव्हतं. पण मामाजींची रीत आड आली. मागच्या वेळचं चुकलेलं पहिल्या ओळीत. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, "टॉनिकखालची रेघ मी मारली नव्हती. माह्या पोरानं मारली होती. तिच्यावरून कोनी बाटली घेतली तं त्याले पैसे भेटत होते. मी टॉनिक कधी वापरलं नाही. ज्याइनं मारलं त्याइची मी माफी मांगतो." मी म्हटलं, "मामाजी, पोराचं नाव कशाला? नुसतं चूक झाली म्हणू." ते म्हणाले, "चूक कोनाची ते नाही सांगतलं तं सांगतलं काय?"

चाचांनी तो कागद टांगला तेव्हा दोनदा विचारलं, "बेटी, पक्का?" मी हो म्हटलं.

दीर फोनवर नुसता पेटला होता. "घरची गोष्ट वेशीवर टांगली, पुण्यात माझ्या ऑफिसातल्यांनी पाहिलं तर? मला काय चोर ठरवता?" मी म्हटलं, "तुमच्या ऑफिसात वऱ्हाडी कोण वाचतं?" वर्षभर बोलला नाही आमच्याशी. माझं काही बिघडलं नाही. मामाजींचं बिघडलं असणार, पोटचा पोरगा होता. पण ते बोलून दाखवणारे नव्हते.

कंपनीचं उत्तर आलं. तुमचा ब्लॉग तपासला, आता नियमांत बसतो, धन्यवाद. मला फार आनंद झाला. मी मामाजींना वाचून दाखवलं. मला वाटलं, जिंकलो आपण. खरं सांगितलं, शब्द राहिला. मूर्ख मी.

त्या हिवाळ्यात गुलाबी अळीनं कपाशी पोखरून टाकली. वरून टपोरं बोंड, फोडलं की आत कापसाऐवजी किडकी कवडी. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत शेळ्या सोडल्या. आमचीही तीच गत. पण त्यासाठी कोणी मामाजींना बोल लावला नाही, टॉनिकसाठीही नाही. कोणी एका शब्दानं भांडलं नाही, टोमणा मारला नाही. मला ते लोकांचं मोठेपण वाटलं होतं.

मग पुढची पेरणी जवळ आली. ज्यानं टॉनिक मारलं होतं तोच माणूस ओट्यावर येऊन बसला. मी चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि त्यानं विचारलं, "आबाजी, औंदा कोन्ती बॅग घ्याव?"

मामाजी कितीतरी दिवस याचीच वाट पाहत होते. ते खुलले. औंदा लवकर येणारी घे, पुन्हा बोंडं धरतील म्हणून फरदड ठेवू नको, हंगाम सरला की पऱ्हाटी उपटून टाक, सगळं सांगितलं आणि एका बॅगेचं नाव घेतलं.

त्यानं नीट ऐकून घेतलं. चहाचा शेवटचा घोट घेतला आणि अगदी सहज, जसं कोणी लग्न कधी आहे विचारावं, तसं विचारलं, "अन याच्यात तुमचं किती हाय आबाजी?"

"काय किती?"

"नाही, म्हंजे असन तं चांगलंच हाय ना. घ्याव मानसानं. सोडाव कायले? सांगून तं देता तुमी, बाकीचे सांगत बी नाहीत."

मामाजींचं तोंड पाहवेना. "माह्यं काहीच नाही त्याच्यात," ते म्हणाले.

"बरं बरं," तो माणूस म्हणाला आणि समजल्यासारखी मान हलवली. नमस्कार केला, चप्पल घातली आणि गेला. राग नव्हता त्याला. अविश्वास म्हणावा तर तसाही नव्हता. हा गडी कागद वाचून शहाणा झाला होता, एवढंच. सगळेच घेतात, आबाजी निदान सांगून घेतात. आमच्या माफीचा गावानं हा अर्थ लावला होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्यामागे धावत जाऊन त्याला गदागदा हलवावं असं वाटलं. टोपी न घेतलेला माणूस आहे हा, मूर्खा. तुझ्या टाकीवरचं झाकण बघ आधी! झाकण त्याच्या टाकीवर नव्हतं, शेजाऱ्याच्या होतं. पण रागात काय कळतं.

मामाजी रिकाम्या कपाकडे पाहत होते. मी कप उचलायला वाकले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुले तं याच्यात काही भेटत नाही ना?"

"नाही मामाजी," मी म्हटलं.

"बरं बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी मान हलवली.